धाकट्या स्नायूचं भांडण

३ ऑगस्ट

चि. ठमीस अ. आ. (आशीर्वाद रागासकट आहेत),

तुझा लेख वाचला. मांडीच्या आतला तो धाकटा स्नायू वेगळा नाहीच, थोरल्याचाच वरचा भाग आहे म्हणे! माझ्या पुस्तकात त्याच्यावर अख्खं प्रकरण आहे. निवृत्त होईपर्यंत चाळीस वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये प्रेतांच्या मांड्या सोडवून तो पोरांना दाखवला, तुलाही मीच दाखवला. आता बापालाच अक्कल शिकवतेस? तुझ्या विभागप्रमुखांना कळवलंय, लेख थांबवा. माझाच विद्यार्थी तो, माझा शब्द मोडायचा नाही.

आई विचारते, वेळेवर जेवतेस का.

बाबा

९ ऑगस्ट

ती. बाबांस सा. न.

नमस्कार वेगळा, राग वेगळा. आज साहेबांनी लेख मागे घ्यायला सांगितलं, तेही मान खाली घालून. माझ्या सहा वर्षांच्या कामावर तुम्ही एका पत्राने पाणी फिरवलंत. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

पहिल्या दहा मांड्या मी तुमच्याच पद्धतीने सोडवल्या, वरून तिरका चाकू, एका दमात. दहाही वेळा धाकटा वेगळा निघाला. मग माझ्या उजव्या अंगठ्याला टाके पडले, चाकू धरता येईना. पुढच्या वीस मांड्या डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी सोडवल्या. त्यातल्या सतरांत दोघांच्या मध्ये फटच नव्हती. ती फट आपला चाकू पाडत होता, बाबा. तुमचा आणि माझाही.

लेख मागे घेणार नाही. नोकरी गेली तर गेली. आईला सांगा, जेवते.

ठमी

२ सप्टेंबर

चि. ठमीस अ. आ.

राग उतरलेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली आहे. तुझं पत्र मी फाडलं होतं, आईने चिकटवून पुन्हा पुढ्यात ठेवलं. शेवटी जुन्या कॉलेजात गेलो. शिपायाने बसायला स्टूल दिलं. चाकू न घेता दोन मांड्या सोडवल्या, सकाळपासून चार वाजेपर्यंत. दोन्हींत फट नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

लेख छापा, चूक माझ्या नावानिशी छापा, असं विभागप्रमुखांना लिहिलंय. पण तुला एक सांगायचं राहिलं. तीस वर्षांपूर्वी एका पोराने भर वर्गात विचारलं होतं की सर, ही फट चाकूनेच तर पडत नाही ना. मी त्याला आठवडाभर हॉलच्या दाराबाहेर उभं केलं. त्यानंतर त्याने कधी काही विचारलं नाही.

तोच तुझा विभागप्रमुख. त्याच्यावर रागावू नकोस. राग माझ्यावर असू दे, आणि जमलं तर लोभही.

बाबा