खरडीतली हाक

अहो वनीचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नानंतर आपण एकमेकांपासून लांब राहिलोच कुठे? पण आज आपल्या पोरीला मी कडी लावून आत कोंडलं आहे. तुमच्या फोटोपुढे बसून बोलले असते, पण मोठ्याने बोलायची आता भीती वाटते. म्हणून लिहिते.

तुम्ही गेल्यावर धान कोण पेरणार, हा प्रश्न भावकीत निघालाच. तुमच्या धाकट्या भावाने हात पुढे केला. वनी म्हणाली, मीच पेरते. आपल्याकडे रोपं लावायची रोवणी बायांची आणि बी फेकून पेरणं माणसांचं, त्यामुळे लोक बोलायचे ते बोलले. मला मात्र तिचा अभिमान वाटला. तुमचीच ना ती!

तिला तुम्हीच शिकवलं होतंत. तुम्ही शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे, ती खाली धानाच्या बांधीत, कमरेवर धानाची टोपली. काळी कन्हार माती आली की तुम्ही हाक द्यायचे, "आवळ." म्हणजे मूठ आवळ, बी कमी सोड, तिथे एकेका रोपाला भरपूर फुटवे येतात. पुढे जंगलाकडची तांबूस, खड्यांची खरडी लागली की, "सोड." तिथे फुटवे कमी, उगवलेलंही मरतं, म्हणून बी दाट हवं. तुम्ही स्वतः पेरताना मात्र अनवाणी चालायचे आणि कोणी न सांगता तुमचा हात बदलायचा.

कृषी सहायकाने एकदा सांगितलं होतं, बाहेरच्या देशात जमीन बदलली की आपोआप बी कमी-जास्त करणारं यंत्र असतं. तुम्ही विचारलंत, "त्याले पाय राह्यते का?" तो बिचारा किती हसला! म्हणाला, पाय नाहीत, ते आभाळातून जमीन ओळखतं. मग तुम्ही कितीतरी वेळ मान वर करून उभे होतात.

एक बोलू? रागावू नका. पोरीला पायाने माती ओळखायला का नाही शिकवलंत? हाक ऐकायला तेवढं शिकवलंत. ती तुमच्या शब्दावर चालते, याचंच तुम्हाला कौतुक.

पेरणीला मी धुऱ्यावर होते. आभाळ भरलेलं, पण पान हलत नव्हतं. वनी मध्येच थांबायची, मान तिरपी करायची, मग तिचा हात चालायचा. विचारलं तर म्हणाली, "बाबा सांगून राह्यले ना." मला वाटलं, आठवण काढते पोर. डोळे पुसले.

मग ती खरडीत शिरली, आणि सागाच्या झाडांतून आलेली हाक मीही ऐकली.

"आवळ, वने."

काय सांगू तुम्हाला! तुमचाच आवाज, शेवटी दम्याने जरा फाटलेला, तोच. माझ्या ओठांवर 'ओ' आली होती. इतक्या महिन्यांनी तुम्ही बोलत होतात, मग कुठून बोलता हे कशाला विचारायचं?

आणि मग शब्द ध्यानात आला. आवळ? खरडीत? आजारपणात तुम्ही माझं नावसुद्धा विसरलात, पण ही चूक तुमच्या हातून झाली नसती. तो आवाज आपली माती ओळखतच नव्हता. त्याने नुसते तुमचे शब्द ऐकून ठेवले होते, इतकी वर्षं, झाडांत उभं राहून.

वनी मात्र मूठ आवळून जंगलाकडे सरकत होती. पुन्हा हाक आली, जरा आतून, "इथी ये." मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"हे तुये बाबा नाईत, वने. पायाखाली पाह्य."

तिने हात झटकला. म्हणाली, तुला ते हाक देत नाहीत म्हणून तू जळतेस. लागलं हो मला. थोडं खरंही होतं ते.

आता धान उगवलं आहे. कन्हारीत झकास, खरडीत टक्कल पडल्यासारखं. काल तिला तिथे नेऊन उभं केलं आणि म्हटलं, तुझे बाबा इथे 'सोड' म्हणाले असते. ती रडली. तिला पटलं, असं वाटून मला हायसं वाटलं.

आज दुपारी जेवता जेवता ती ताटावरून उठली आणि पळत सुटली. मी मागे. ती खरडीच्या पार टोकाला, पहिल्या सागाला हात लावून उभी होती, आणि आतून हाक येत होती.

"सोड, वने. सोड."

बरोबर हाक. कालच मी ती तिथे मोठ्याने बोलले होते. त्याने ती माझ्याकडून घेतली, की हे खरंच तुम्ही होतात? मला नाही कळलं. पोरीला ओढत घरी आणलं.

विरळ जागी पुन्हा बी टाकावं लागेल. ती अनवाणी चालेल, मी तिच्यासोबत, आणि शेतात आम्ही दोघी तोंडातून शब्द काढणार नाही. तिला पायाने शिकवीन, मला येतं तेवढं. हे माझं वचन. दुसरंही देते, छातीवर दगड ठेवून: यापुढे तिकडून हाक आली, अगदी माझ्या नावाने आली आणि ते खरोखर तुम्हीच असलात, तरी मी ओ देणार नाही.

तुमचीच,
सुमन