छपराखालची शेगडी

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. काल दादाने माझ्या नव्या बार्बेक्यूच्या शेगडीला लाथ घातली. ती मलाच लागली असं समज.

मागच्या अंगणावरचं लाकडी छप्पर त्यानेच बांधून दिलं. सुतारकाम चोख, त्यात वाद नाही. काल वारा फार होता, निखारे टिकेनात, म्हणून शेगडी छपराखाली भिंतीच्या आडोशाला ओढली. दादा शेजारून आला आणि काढ ती तिथून म्हणाला. का, ते सांगितलं नाही. मी हसलो, त्याने लाथ मारली. निखारे फरशीभर झाले, माझी छोटी रडत तिच्या आईकडे पळाली. मग माझंही डोकं फिरलं. हातातला चिमटा मी त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, एक दात पडला. बायको मध्ये पडली म्हणून थांबलो, नाहीतर खोटं कशाला सांगू, अजून मारायचंच होतं.

निदान तू तरी माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. ११ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, मागोमाग दादाचंही. पन्नाशीच्या भावाचा दात पाडलास, शाब्बास. त्याने त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलंय ते सगळं छपराबद्दल.

तुझ्या बायकोला खाली उकडायचं, म्हणून त्याने फळ्यांच्या खालून फोम लावलाय. फोम पेटला की वितळून ठिबकतो. आणि तुळया थेट छोटीच्या खोलीच्या भिंतीत बसवल्यात, म्हणजे आग आत शिरायला वाट तयारच. शेगडी उघड्यावर हवी, घरापासून आणि छपरापासून चांगली लांब, जवळ पाण्याची बादली ठेवून. हे त्याला तोंडाने का सांगता आलं नाही, ते मला विचारू नकोस. बाबा थोबाडीत द्यायचे, कशाबद्दल ते आपण नंतर शोधायचं. तुम्ही दोघांनी नेमकं तेवढंच उचललंत.

आधी शेगडी हलव, मग त्याच्याकडे जा. दुसरं जमत नसेल तर पहिलं तरी कर. दोघांवर सारखाच जीव आहे, म्हणून दोघांवर सारखीच चिडले आहे.

तुझी,
ताई


ता. २० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते वाचलं होतं. दादाने तुलाही आपल्या बाजूला ओढलं, एवढंच मला त्यात दिसलं. रविवारी दुपारी शेगडी मुद्दाम त्याच जागी मांडली, कुंपणापलीकडून त्याला दिसावी म्हणून.

मांसाची चरबी निखाऱ्यांवर पडली, जाळ उसळला आणि वरचा फोम पेटला. पेटते थेंब माझ्या पाठीवर पडायला लागले. तेवढ्यात दादा कुऱ्हाड घेऊन धावत आला. मला वाटलं, दाताचा सूड घ्यायला आला. शेगडीचं लोखंडी झाकण उचलून मी त्याच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यांवर कोसळला, उठला, मला कोपराने भिरकावून दिलं आणि डोळ्यांत रक्त उतरत असताना भिंतीकडच्या तुळया तोडायला लागला. स्वतःच बांधलेलं छप्पर, ताई. ते घरापासून सुटून अंगणात पडलं. आत छोटी झोपली होती, तिच्या खोलीची नुसती खिडकी काळी झाली. दादाचा उजवा हात मात्र खाली सापडला.

दोन बोटं कापावी लागली. दादा माझ्याशी बोलत नाही आणि मी कुठल्या तोंडाने बोलू, ते मला कळत नाही.

तुझ्या लोभाला मी लायक नाही, तरी तो मागतो.

बारक्या


ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बारक्याचं आहे, शब्द माझे. टाके निघाले, हात अजून गळ्यात आहे. अंगठा शिल्लक आहे, रंधा कसाबसा धरता येईल म्हणतात.

याने मला दोनदा मारलं. मी माफ केलेलं नाही. हे वाक्य त्याने खोडलं, मी परत लिहायला लावलं. लिहिताना रडत होता, मग मी एक शिवी हासडली तेव्हा पुरं केलं.

हॉस्पिटलपासून दाढी वाढली होती. आज सकाळी त्याला बोलावून घेतलं, हातात वस्तरा दिला आणि मान वर करून बसलो. त्याने हनुवटीला कापलं आणि वस्तरा खाली ठेवायला लागला. रक्त पूस आणि पुढे कर, म्हटलं. परवाही त्यालाच यायला सांगितलंय.

आम्हा दोघांवर तुझा जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
दादा