पाणी न पिणारी फरशी

अक्का, माझ्या लेकीच्या, म्हणजे तुझ्या नातीच्या घराची फरशी बसवून झाली. गुलबर्ग्याला बांधलंय तिनं घर, आणि सगळ्या खोल्यांत आपली शहाबादीच घातली आहे. आता तिच्यावर काय लावायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. दुकानदार हैदराबादहून आलेला एक डबा दाखवतो. आत पाण्यासारखं पातळ औषध, लावलं तरी लावल्यासारखं दिसत नाही. दुसरं आपलं जुनं, कढवलेलं जवसाचं तेल. त्यानं फरशी काळीभोर दिसते, पण दरवर्षी हात द्यावा लागतो. उरलेल्या तुकड्यांवर दोन्ही लावून पाहिली, वर हळद आणि तेलकट आमटी टाकून वाळू दिली, मग धुतली. डबा चांगला आहे, तोच लावणार. पण नव्या फरशीखालची ओल अजून गेलेली नाही. उन्हाळा सरेपर्यंत मी कुणाला ब्रश लावू देणार नाही. ओल आत कोंडली की वर पांढरा खार फुटतो, मग कितीही घासा. बांधकाम खात्यात जन्म गेला, एवढं मला कळतं.

तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहत होतो, तेव्हा बीदरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. वडील गेल्यावर तू गावी, जनवाड्यात एकटी राहिलीस. मी बीदरला घर बांधलं ते तू येशील म्हणून. तू आलीस, पण एक गाठोडं घेऊन. "बघून जाते," म्हणालीस. तू राहतेस की परत जातेस, एवढीच मला काळजी होती, आणि अशी काळजी बोलून दाखवायचा आपल्या घरात रिवाज नव्हता. म्हणून मी फरशीकडे लक्ष दिलं. तेलात थोडं टर्पेंटाईन घातलं, कोमट केलं, पातळ हात मारला आणि थोड्या वेळानं सुक्या फडक्यानं पुसायला लागलो. तू दारात बसून शेंगा फोडत होतीस.

"कामून पुसायलास रे? आत्ताच तर लावलास."

"जास्तीचं पुसावं लागतंय, अक्का. न्हाई तर पाय चिकटतात."

"लावायचं आन् पुसायचं. हापिसात बी हेच करतूस व्हय? तरीच सडका तशा हायत."

तुझी सून पदर तोंडाला लावून हसत होती. मी तेलाची फडकी अंगणात दोरीवर सुटी सुटी वाळत घातली. गोळा करून ठेवली तर ती आपोआप पेटतात, असं सांगितलं, तर तू म्हणालीस, "फडक्यावर बी भरवसा न्हाई ह्याचा."

तेल चांगलं मुरलं, वाळलं. पाण्याचा थेंब टाकला तर मण्यासारखा वर उभा राहिला. काम मनासारखं झालं होतं. नव्या चुलीवर पहिला स्वयंपाक करायच्या दिवशी तू सकाळीच शेजारच्या गोठ्यातून शेण आणलंस, बादलीत कालवलंस आणि चुलीपुढं सारवायला बसलीस. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दगड असला तरी चुलीपुढची जागा सारवल्याशिवाय तू पीठ मळायला घेत नसस. तुझा हात फिरतो आहे, आणि सारवण तेलकट फरशीवरून मागं सरतं आहे, ठिपके ठिपके होऊन कडेला जमतं आहे. तू परत पसरतेस, ते परत जमतं. शेवटी तू हात धुतलेस.

"ही पाणीच पीत न्हाई. जी जमीन काई घेतच न्हाई, तिथं बसून मी भाकर कशी थापू?" मग पदराला हात पुसत म्हणालीस, "मला उद्याच्या मोटारीला बसीव."

मी वाद घातला नाही. शेणापेक्षा तेल कसं स्वच्छ, हे मला सांगता आलं असतं. "परवाच्या मोटारीला सोडतो," एवढंच म्हणालो आणि गवंड्याला बोलावलं. मुरलेलं तेल घासून निघत नाही, म्हणून चुलीपुढच्या तेवढ्या फरश्या उचलून तिथं कोऱ्या बसवायच्या होत्या. गवंडी माझ्याकडे बघतच राहिला. "साब, नवी की नवी फरशी कायकू उखाडते?"

"त्याला म्हन, माझ्यासाटी उकरू नको," तू आतून म्हणालीस. "मी चाललेच हाय."

तो परवाचा दिवस उजाडला तेव्हा गाठोडं दाराशी होतं. तू बादली घेऊन बसलीस, बोटं बुडवलीस आणि कोऱ्या दगडावर एक पट्टा ओढलास. दगड काळसर झाला, पाणी आत गेलं, हिरवट थर तसाच राहिला. तू तळवा टेकवून पाहिलास. "व्हय, ही प्यायलीय," म्हणालीस आणि उरलेली जागा सारवून घेतलीस. मोटारीची वेळ झाली तेव्हा तू पीठ मळत होतीस. गाठोडं सुनेनं आत नेलं. मग तू शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिलीस.

चुलीपुढच्या त्या कोऱ्या फरश्या पुढं पिवळ्या पडल्या, बाकीच्या तशाच काळ्याभोर. चिंचेचं पाणी मात्र दोन्हींवर सारखंच उमटायचं आणि तू मुद्दाम बोलावून दाखवायचीस. तेल डाग अडवतं, आंबट अडवत नाही. डब्यातलं औषधही अडवत नाही. हे मी कालच तुझ्या नातीला सांगितलं. तिच्याकडे ओट्यावर गॅस आहे, खाली बसून कुणी भाकरी थापणार नाही, सारवण तर लांबच. सगळीकडे सारखं लावा म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे.

हे तुला वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून लिहून झाल्यावर फाडून टाकीन. पण एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली होती. त्या परवाच्या सकाळी गवंडी बाहेर कट्ट्यावर कुदळ घेऊन बसला होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं की कोऱ्या फरशीवरही आईचं सारवण बसलं नाही, तर सगळं स्वयंपाकघर उकरायचं आणि माती घालून चोपून द्यायचं. तू त्याला चहा नेऊन दिलास आणि परत येऊन मला विचारलंस, "आज कामून आलाय ह्यो?"

"थापी विसरला होता," मी म्हणालो.