खांद्यावरचा लाल पट्टा

३ तारीख.
ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दहा दिवस पिसांची धूळ नको म्हटलं, म्हणून तिचा पोपट, 'साहेब', माझ्याकडे. जिवापाड जप म्हणाली. झूलॉजीच्या पदवीधराला हे सांगावं लागतं.

४ तारीख, सकाळी ९.
इथे दिसणाऱ्या पोपटांच्या जाती दोन. मोठी, खांद्यावर लाल पट्टा: साहेब. लहान, नुसती हिरवी. रोज साहेबाची मापं घेऊन लहान जातीच्या पुस्तकी मापांशी तुलना लिहायची, ठरलं. पट्टी घेऊन पिंजरा उघडला. साहेब ओरडला, "दार लाव." मी पोपटाकडून ऑर्डर घेत नाही.

९.०५.
उडाला. चूक खिडकीची.

५ तारीख.
सगळ्या गच्च्या पालथ्या घातल्या. घसा बसला. ताईचा फोन. साहेब मजेत म्हटलं. खोटं नाही, कुठेतरी असेलच मजेत. तिच्याशिवाय माझ्या घरी येतं कोण? कळता कामा नये.

७ तारीख.
दुकानात लहान जातच मिळाली. आणली. दोन्ही जाती सख्ख्या, फरक खुराकाचा. दुकानदार म्हणाला, बाई, हा एवढाच राहणार. तो कुठं कॉलेजात गेला होता?

९ तारीख.
रोज तीन पेरू. पक्षी तेवढाच, पिंजऱ्याची घाण दुप्पट. "दार लाव" शिकवतेय, शंभरदा. शेजारीण दार लावून घेते.

१० तारीख.
ताईचा फोन, साहेब काय करतोय? म्हटलं, समोर बसून पेरू खातोय. ती हसली की खोकली, कळलं नाही. म्हणाली, खाऊ दे.

१२ तारीख.
लाल नेलपॉलिश आणली. पक्ष्याचे दोन खांदे रंगले, माझी पाच बोटं. तीन चावली. पण ताईला धूसर दिसतं, मागे मलाच पोस्टमन समजली होती. काळजी नाही.

१३ तारीख.
ऑपरेशन त्यासाठीच होतं, हे लक्षात राहिलं नाही.
ताईनं काळा चष्मा काढला, दारातूनच कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मग पिंजरा पाहिला. मग माझी बोटं.
मी म्हटलं, आजारपणानं जरा रोडावलाय.
"साहेब सहा तारखेलाच माझ्या बाल्कनीत येऊन बसला," ती म्हणाली. "शेजाऱ्यांकडे ठेवलाय. मी तुझ्या फोनची वाट बघत होते गं."
चहा विचारला. नको म्हणाली.
जाताना जिन्यातून म्हणाली, "दार लाव."
लावलं.