दोघांच्या सह्यांचा कागद

अरुशा, मंगळवार

तीर्थरूप एस्नार्टताई,

आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. (खरं तर एकच गुडघा टेकला, डाव्याने केव्हाच राजीनामा दिलाय.) तुझा दमा कसा आहे? गावी, कतेतेला, मका बरा आलाय ना? मी ठीक, म्हणजे जिवंत.

मला काढून टाकलं, ताई. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तीन युद्धं थांबवली (दोन म्हण, एक पुन्हा सुरू झालं). या खेपेला चौदा महिने इथल्या हॉटेलात बसून शेजारच्या देशाचं सरकार आणि बंडखोर यांच्यात मध्यस्थी करत होतो. सरकारचे मंत्री ओकेम्बा आणि बंडखोरांचा कमांडर लिसासी एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. एकाचा निरोप दुसऱ्याला मी सांगायचा, आणि ते बसलेले असायचे एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावर. रोज सकाळी जळालेल्या गावांची यादी यायची. त्यात कुणाचं गाव आधी लिहायचं यावर भांडता भांडता जेवणाची वेळ व्हायची. जेवणानंतर मंत्री पेंगायचे. (मीही एकदा पेंगलो. त्याची लेखी तक्रार झाली.)

काल दोघे मिळून माझ्या खोलीवर आले. मला वाटलं, झालं एकदाचं. हातात एकच कागद, खाली दोघांच्या सह्या. चौदा महिन्यांत त्यांचं एकमत झालेला हा पहिला कागद : मध्यस्थ बदला.

लिसासी बिचारा ओशाळला होता. म्हणाला, "साहेब, माणूस तुम्ही चांगले. पण तुम्ही बोलायला लागलात की भांडणाचा जोरच जातो. गावाकडे आमचे लोक विचारतात, तिकडे करता काय?"

मंत्र्यांनी मान डोलावली. मग दोघे एकाच लिफ्टने खाली गेले. आज सकाळच्या यादीत सहा गावं होती म्हणे. वाचायला मी नव्हतो.

तुझा धाकटा,
लुफेयो

ता. क. : गुरुवारच्या बसने येतोय. चार दिवस तुझ्याकडे राहू दे.

ता. क. २ : आई गेली तेव्हा मी आलो नाही, कारण लिसासी म्हणाला होता, उद्या सही करतो. त्याने केली नाही. हे तुला आठ महिन्यांत पाच पत्रांतून लिहिलं. तुझं उत्तर नाही. माफ कर म्हणत नाही. फक्त आईला कुठे पुरलं ते दाखव. वाटेत बोलली नाहीस तरी चालेल. न बोलणाऱ्या माणसांबरोबर बसायची मला सवय आहे.