समोर येऊन विचारा

प्रिय दादा,

आज सकाळपासून डोकं नुसतं भणभणतंय. आमच्या विद्यापीठात दर सोमवारी कुलसचिवांच्या कार्यालयातून एक 'प्रशासकीय अपडेट' सगळ्यांना ईमेलनं येतं. पूर्वी त्याला परिपत्रक म्हणायचे आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी एखादं यायचं, तेव्हा लोक ते वाचायचे तरी. आता दर आठवड्याला येतं आणि कुणी उघडतसुद्धा नाही. आजचं मात्र मी उघडलं, कारण त्यात माझंच अभिनंदन होतं. 'प्राध्यापक सहाय्य कक्षाच्या संवेदनशील पुढाकाराबद्दल कक्षप्रमुखांचे कौतुक.' ते वाचून मी लॅपटॉप असा काही आपटून बंद केला की शेजारच्या खोलीतली टंकलेखक बाई काय पडलं म्हणून बघायला आली.

हा कक्ष माझ्या गळ्यात कसा पडला ते तुला माहीत आहे. मी बापडी वनस्पतिशास्त्र शिकवत सुखानं जगत होते. गेल्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्राध्यापकांच्या अडचणी सोडवायला एक कक्ष हवा, आणि तुमचा स्वभाव माणसं जोडणारा आहे असं म्हणून मला तिथे बसवलं. जागा मिळाली ती मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. खुर्च्या गेल्या, वास राहिला. खिडकीतून वाहनतळ दिसतो. दारावर पितळी पाटी मात्र झकास. कक्षाला अधिकार काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा कुलसचिव म्हणाले, "तुम्ही दुवा आहात, मॅडम." म्हणजे दोन्ही बाजूंची ओढाताण सोसायची, एवढंच काम. कुलसचिवांना आम्ही खासगीत 'पोचलं' म्हणतो. कुठलंही गाऱ्हाणं न्या, ते मान डोलावतात आणि म्हणतात, "पोचलं, पोचलं." कुठे पोचलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

तर हा संवेदनशील पुढाकार काय होता, ते सविस्तर लिहिते. आमच्याकडे संख्याशास्त्राचे एक सर आहेत. मुलं त्यांना 'सरासरी सर' म्हणतात, कारण पहिल्या तासाला ते बजावतात की सरासरीवर कधी विश्वास ठेवू नका, ती सगळ्यांबद्दल बोलते आणि कुणाचंच खरं सांगत नाही. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. एके काळी त्यांच्या तासाला दुसऱ्या विभागाची मुलं येऊन मागे उभी राहायची. पण गेल्या दोन-तीन सत्रांत त्यांच्याविषयीचे मुलांचे अभिप्राय घसरत गेले. सर प्रश्न टाळतात. सर भलतंच उत्तर देतात. सर उर्मट आहेत, आपण बोलत असताना सरळ पाठ फिरवून फळ्याकडे जातात. मग एका सोमवारी अपडेट आलं, की अभिप्राय कमी असलेल्या प्राध्यापकांनी 'प्रभावी संवाद' या विषयावरच्या कार्यशाळेला हजर राहणं सक्तीचं आहे. आणि ती कार्यशाळा भरवायची कुणी? मी.

कार्यशाळा घ्यायला बाहेरून एक तज्ज्ञ आणला होता. चकचकीत बूट, सारखा हसरा चेहरा. त्यानं केस पिकलेल्या प्राध्यापकांना गोल बसवलं आणि कानगोष्टींचा खेळ सुरू केला. लहानपणी आपण खेळायचो तसाच. एकानं दुसऱ्याच्या कानात वाक्य कुजबुजायचं, त्यानं तिसऱ्याच्या. सरासरी सर मधोमध बसले होते. त्यांच्या शेजारच्या इतिहासाच्या बाई कानाशी वाकल्या, काहीतरी बोलल्या. सर थांबले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, हसले, आणि पुढच्याच्या कानाला लागले. शेवटी वाक्य बाहेर पडलं तेव्हा त्याचा मूळ वाक्याशी काडीचा संबंध नव्हता. तज्ज्ञानं एकेकाला उभं करून माग काढला, आणि गाडी सरांपाशी येऊन अडली. हशा झाला. सरही हसले, पण त्यांची मान लालबुंद झाली होती आणि हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. चहाच्या सुट्टीत ते जे गेले ते परत आलेच नाहीत.

मी त्यांच्यामागे गेले. जिन्यापाशी ते खिडकीतून बाहेर बघत उभे होते. मी मागून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग पुढे जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा ते दचकले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही मागून काही बोललात का?" मी नुसती मान हलवली. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. आधी वर्गातल्या मागच्या बाकांचे आवाज गेले. मग पंखा चालू असला की मधल्या बाकांचे. मग ओठ बघून अंदाज बांधायचा, नाही जमलं तर हसायचं, किंवा फळ्याकडे वळायचं. "पाठ फिरवली की उत्तर द्यावं लागत नाही ना," म्हणाले. घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. "फोनचं तर विचारूच नका. फोनवर ओठ दिसत नाहीत. अर्धं कळतं, अर्धं मी मनानं भरतो, आणि चुकलो की समोरच्याला वाटतं मी टोमणा मारला. म्हणून हल्ली दोन वाक्यांत आटपतो. मुलाला वाटतं, बाबा फार तुसडे झालेत. वाटू दे. बहिरा म्हणण्यापेक्षा तुसडा बरा." हे वाक्य मी विसरू शकलेली नाही, दादा.

आता मला सांग, असल्या माणसासाठीच हा कक्ष काढला ना? मीही तसंच समजले. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, दोन्ही कानांना यंत्रं बसली. पण त्यांचा वर्ग भरतो मोठ्या हॉलमध्ये. उंच छत, उघड्या भिंती, खाली वाहनांचा रस्ता. यंत्रानं मुलांचा आवाज वाढतो तसा पंख्याचा, बाकांचा, हॉर्नचाही वाढतो. आगीतून फुफाट्यात. त्यांना हवी होती एक छोटी, शांत खोली आणि मुलांमध्ये फिरवायला एक माइक, ज्याचा आवाज थेट यंत्रात येतो. हत्ती-घोडे मागितले नव्हते. त्यांची परवानगी घेऊन मी नव्या पोर्टलवर विनंती टाकली. तिथे अडचणीचे प्रकार निवडायचे होते: संगणक, फर्निचर, रजा, इतर. कान 'इतर'मध्ये गेले. 'इतर' गेलं विभागप्रमुखांकडे. त्यांनी शेरा मारला की हा विषय प्राध्यापक सहाय्य कक्षाच्या अखत्यारीत आहे. आणि एके दिवशी माझीच विनंती माझ्याच टेबलावर येऊन पडली, 'योग्य कार्यवाहीसाठी'. मी ती पुन्हा पाठवली. ती पुन्हा आली. तुला हसू येईल, मलाही पहिल्यांदा आलं. तिसऱ्यांदा मात्र रडू आलं.

शेवटी मी उठून 'पोचलं' साहेबांच्या दालनात गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग इतक्या मायेनं बोलले की माझ्या अंगावर काटा आला. "अहो, मग सरांना या वयात वर्गाचा त्रास कशाला? परीक्षा विभागात बसवू. निवांत काम, कुणाशी बोलायला नको." मी म्हटलं, "साहेब, त्यांना बोलायला नको असं नाहीये. त्यांना बोलायचंच आहे." ते म्हणाले, "पोचलं." आणि धोरण ठरवायला एक समिती नेमली. समितीनं उपसमिती नेमली. ते घोंगडं जे भिजत पडलंय ते अजून पडलेलंच आहे.

एवढं झाल्यावर माझ्यातली तुझी भांडखोर बहीण जागी झाली. जुन्या ग्रंथालयात पाहुण्यांसाठी एक बैठकीची खोली आहे. खाली गालिचा, जाड पडदे, कायम बंद. कक्षाला ती कार्यशाळांसाठी वापरायची मुभा होती. मी पूर्ण सत्रभर तिथे कार्यशाळा लावली. विषय: संख्याशास्त्र. मार्गदर्शक: सरासरी सर. माइक टंकलेखक बाईंच्या पुतण्याच्या दुकानातून उसना आणला. पहिल्या तासाला मी मागे जाऊन बसले. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकू कमी येतं. बरेच दिवस येत नाहीये. तुमच्यापैकी काहींना मी उर्मट वाटलो असेन. मी घाबरलेला होतो. आता काही विचारायचं असेल तर हा माइक घ्या, नाहीतर समोर येऊन विचारा. काहीही विचारा. पण मी उत्तर देईपर्यंत जागेवर परत जाऊ नका." मग एक मुलगी उठली, थेट त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, "सर, मागच्या सत्रात मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तो आता परत विचारू?" तो प्रश्न इतका अवघड होता की सरांनी त्या तासाला दुसरं काही शिकवलंच नाही. सगळंच गोड झालं असं समजू नकोस. एक पोरगा शेवटपर्यंत तोंडातल्या तोंडातच बोलत राहिला, आणि एकदा यंत्र शिट्टी मारायला लागलं तेव्हा काहीजण खिदळले. पण सर पुन्हा बाह्या दुमडून शिकवत होते. मी पाहिलं ना.

आणि आज हे अपडेट. माझ्या पुढाकाराचं कौतुक करून खालच्या ओळीत लिहिलंय, की सरांच्या प्रकृतीचा विचार करून पुढच्या सत्रापासून त्यांच्याकडे एकच वर्ग राहील, बाकीचा वेळ परीक्षा विभागात. बैठकीची खोली पाहुण्यांसाठी पुन्हा राखीव. मी तडक सरांकडे गेले, म्हटलं, मी या कक्षाचा राजीनामा देते. ते माझ्या ओठांकडे बघत होते, सगळं त्यांना नीट कळलं. म्हणाले, "राजीनामा दिलात तर तुमच्या खुर्चीत तो चकचकीत बुटांचा माणूस येईल. बसा तिथेच. एक वर्ग तर एक वर्ग, पण ती ग्रंथालयातली खोली सोडू नका." म्हणून मी बसले आहे. उद्या पुन्हा दालनात जाणार, पुन्हा 'पोचलं' ऐकणार. खोली सोडणार नाही, आणि गेलेले वर्ग परत मागत राहणार. कधी मिळतील, मिळतील की नाही, देव जाणे. चिडून चिडून घसा बसलाय.

पण हे सगळं तुला गाऱ्हाणं म्हणून लिहिलेलं नाही, दादा. काल आपल्या मनीचा फोन आला होता. हुंदके देत होती. म्हणाली, "आत्या, आईच्या मागे बाबांना मी नकोशीच झालेय." तिनं मोठ्या हौशीनं तुला फोन केला होता, "बाबा, आमच्याकडे नवं माणूस येणार आहे," म्हणून. आणि तू म्हणालास, "बरं झालं. जुनं किती दिवस वापरणार? पावती तेवढी जपून ठेव." आणि फोन ठेवलास. आधी मलाही तुझा राग आला. मग सरांचं ते पायरीवरचं बोलणं आठवलं, आणि लख्ख कळलं. तुला 'नवं सामान' ऐकू आलं ना रे? मागच्या भेटीत तू टीव्ही केवढ्यांदा लावला होतास, गप्पांमधून उठून अंगणात जाऊन बसला होतास, आणि आम्ही आपले म्हणत होतो, वहिनी गेल्यापासून दादा तिरसट झालाय. म्हणून हे फोनवर न सांगता लिहून पाठवतेय, म्हणजे एकही शब्द निसटणार नाही. दादा, मनीला बाळ होणार आहे. तू आजोबा होणार आहेस. तिला मी एवढंच म्हटलं की थोडा धीर धर. तुझ्या कानांचं मी काही बोललेले नाही, ते तूच सांगायचं. फोन करू नकोस, उठून तिच्या घरी जा. ती पुन्हा सांगेल, तेव्हा तिच्या तोंडून तू ते पहिल्यांदाच ऐकशील, आनंदाचं सोंगही तुला करावं लागणार नाही. तिथून ये माझ्याकडे. सरांचे डॉक्टर चांगले आहेत, मी बरोबर येईन, आणि वाटेत तुझ्याशी बोलायला तुझ्या पुढे पुढे उलटी चालेन.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी