चौथी हॅना

प्रिय ताई,

नव्वदीच्या आईला डोळे मिटायच्या आत वंशावळ पूर्ण झालेली बघायची आहे. म्हणून दुखरे गुडघे घेऊन मी रॉचडेलची दफनभूमी पालथी घालतेय. आज हॅना पणजीच्या आईबापांची कबर सापडली. दगडावर त्यांच्या तीन मुलींची नावं आहेत. तिघी तान्ह्याच गेल्या, आणि तिघींचं नाव हॅना.

घरी येऊन आईला म्हटलं, "कोरणारा प्यायला होता वाटतं."

"प्यायला कशाला असेल? पोर गेलं की पुढच्या पोरीला तेच नाव ठेवायचे. तुझी पणजी चौथी." तिने चहात बिस्किट बुडवलं. "मी तरी वेगळं काय केलं?"

तू पाळण्यात गेलीस आणि वर्षाने मी झाले, एवढं मला माहीत होतं. तुझं नाव काय होतं, ते कधी कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आत्ताच आतून हाक आली, "विनिफ्रेड." पासष्ट वर्षं मीच उठतेय. आज बसून राहिले. म्हटलं, मोठी आहेस, आधी तू जा.

दुसऱ्या हाकेला उठले.

तुझी धाकटी,
विनिफ्रेड